गाडी थांबवणारी पट्टी

मोटारीची गोष्ट निघाली की ती किती जोरात धावते हे सगळेच विचारतात. ती थांबते कशी, हे सहसा कोणी विचारीत नाही. बैलगाडी हाकणाऱ्याला मात्र हा प्रश्न रोजचा आहे. भरलेली गाडी उताराला लागली की ओढण्यापेक्षा आवरण्याचेच काम अधिक; गाडी मागून बैलांना रेटू लागते, जोखड शिंगांकडे सरकते, आणि मग गाडीवान खाली उडी टाकून चाकाखाली दगडाची नाही तर लाकडाची उटी देतो. आज जी हकीकत सांगायची आहे, ती ह्या उटीच्याच एका दूरच्या नातलगाची आहे.

निमित्त घडले ते मुंबईच्या सांताक्रूझ उपनगरात. स्टेशनच्या पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्ग आहे. जुनी माणसे त्याला अजून घोडबंदर रोडच म्हणतात. त्याच्या एका आडगल्लीत एक लहानसे गॅरेज आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला आजोळकडून एक मोटार मिळाली. मोटार म्हणजे एम. जी. कंपनीची टी. डी. नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडातल्या अ‍ॅबिंगडन गावी १९४९ ते १९५३ या काळात अशा सुमारे ३०,००० गाड्या झाल्या आणि बहुतेक परदेशी, विशेषतः अमेरिकेत गेल्या. त्यातली एक ह्या मुलाच्या आजोबांकडे आली. लांब नाक, उघडे टप, दोन बाजूंना पंखांसारखे वळलेले मडगार्ड. गल्लीतली पोरे तिच्याभोवती गोळा होतात. पण गाडी हँडब्रेकवर थांबेना, आणि मागच्या चाकांतून दाबताना कर्र आवाज येई. “सर, मागचे ब्रेक शू बदलायचे आहेत, तुम्ही इतिहासवाले, या बघायला,” असा त्याचा निरोप आला. रविवार होता. गेलो.

गॅरेजचे मिस्त्री संगमेश्वराकडचे. वय साठीच्या पुढे. ह्या माणसाची हयात फियाट आणि पद्मिनी टॅक्सींची चाके खोलण्यात गेली. ह्या टॅक्सी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातल्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली. तिच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या गेल्या. “टॅक्सी गेली आणि ड्रमचे काम कमी झाले,” मिस्त्री म्हणाले. “आता पोरांना डिस्क तेवढी ठाऊक.” म्हणून म्हाताऱ्या इंग्रजी गाडीला हा म्हातारा हात मिळाला हे बरेच झाले.

काम कसे चालले ते सांगतो, कारण इतिहास त्यातूनच उकलतो. मिस्त्रींनी आधी पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. पाहा, उटी आली! मग हँडब्रेक सोडला. जॅकने गाडीची मागची बाजू उचलली, पण जॅकच्या भरवशावर न ठेवता धुरीखाली लोखंडी आधार दिले. चाक काढले. ड्रमला एक भोक असते, त्यातून पेचकस घालून आतला अ‍ॅडजस्टर मागे फिरवला, म्हणजे शू आत ओढले गेले आणि ड्रम सैल झाला. लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकून त्यांनी ड्रम उतरवला. दुसऱ्या बाजूच्या चाकाला हातही लावला नाही. “एक बाजू खोलायची, दुसरी नमुन्याला ठेवायची,” हा त्यांचा नियम. स्प्रिंगा कोणत्या भोकात होत्या हे विसरले तर दुसऱ्या चाकात पाहता येते. शाळेत गणिताच्या वहीत सोडवलेले एक उदाहरण जपून ठेवतो, तशातली गोष्ट.

ड्रम निघाला आणि त्याच्या पोटात साठलेली काळसर करडी भुकटी दिसली. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा वाकला आणि फुंकर मारायला त्याने गालांत हवा भरली.

“फुंकू नकोस!” मी ओरडलोच. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मास्तर मंडळींना वर्गाबाहेरही ओरडायची सवय, असे त्यांना वाटले असावे. पण का ओरडलो ते सांगायचे तर शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे. त्याच्या आत न फिरणारे दोन अर्धगोल तुकडे असतात, त्यांना शू म्हणतात. शूच्या पाठीवर घर्षणाची एक पट्टी लावलेली असते. गॅरेजात तिला लायनर म्हणतात. पायाने ब्रेक दाबला की शू फाकतात, पट्ट्या ड्रमच्या आतल्या अंगाला घासतात आणि चाक थांबते. अशी रचना मोटारीत रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. फ्रान्सच्या लुई रेनोचे नाव यात १९०२ सालाशी जोडले जाते. पायाचा जोर तेलाच्या नळ्यांतून चाकापर्यंत नेण्याची युक्ती अमेरिकेत माल्कम लॉकहीडने काढली आणि १९२१ साली ड्युसेनबर्ग नावाच्या मोटारीला ती चारही चाकांवर बसली.

या दोन शूंमध्ये एक मोठा चमत्कारिक भेद आहे. चालत्या गाडीच्या चाकाखाली उटी सरकवली तर चाक तिला स्वतःच आपल्याखाली ओढून घेते. तुम्हाला जोर लावावा लागत नाही. पुढचा शू नेमका तसा वागतो. फिरता ड्रम त्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून दाबता थोडे आणि पकड मिळते पुष्कळ. मागचा शू उलट ढकलला जातो, त्याची पकड कमी. गाडी मागे घेताना ह्या दोघांच्या भूमिका बदलतात. टी. डी. मोटारीच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू ओढले जाणारे ठेवलेले आहेत, कारण ब्रेक मारताना भार पुढे येतो. पण मागच्या चाकांत एक ओढला जाणारा आणि एक ढकलला जाणारा असाच जोड आहे. का? तर हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि घाटात गाडी तोंड वर करून उभी असो की खाली करून, तो दोन्ही बाजूंना धरायला हवा. पुढे डिस्क ब्रेक आले, तरी कित्येक गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम राहिला, त्याचे एक कारण हेच.

डिस्क आले ते ड्रमच्या एका खोडीमुळे. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो, तापला की फुगून शूपासून दूर जातो आणि पट्टीची पकडही मंदावते. फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत १९५३ साली जग्वार गाड्यांनी डिस्क ब्रेक लावून बाजी मारली, तेव्हा शर्यतवाल्यांचे डोळे उघडले. आपल्याकडे बोरघाट उतरणाऱ्या ट्रकवाल्यांना हे ल मान्सच्या आधीपासून माहीत होते. म्हणून ते उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात आणि ब्रेकला विसावा देतात.

ड्रमची दुसरी खोडी पाण्याची, आणि ती सांताक्रूझकरांना सांगायला नको. इथला मिलन सबवे पावसाळ्यात तुंबणार हे मुंबईकराने गृहीतच धरलेले. पाण्यातून गाडी गेली की ड्रम ओला होतो आणि पट्टी घसरते. मग दूरवर हळू चालत, ब्रेक किंचित दाबून धरून ती सुकवावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्यानंतर महिनाभर आपण ड्रममधला चिखलच काढत होतो, असे मिस्त्री म्हणाले.

आता त्या भुकटीकडे वळू. शूवरची पट्टी कशाची करावी हा प्रश्न मोटारीच्याही आधीचा आहे. इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्या उतरताना चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दाबीत. ठोकळा झिजे, घसरे. कोणा गाडीवानाने त्याला जुन्या बुटाचे कातडे ठोकले आणि पकड सुधारली. ते पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाला कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १८९७ साली त्याने ब्रेकचे ठोकळे करण्याचा उद्योग सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरे इकडची तिकडे करून आणि बायकोच्या एलिझाबेथ या नावाचे पहिले अक्षर त्यात घालून त्याने ‘फेरोडो’ हे नाव जुळवले. हे नाव आजही ब्रेकच्या खोक्यांवर दिसते. आरंभी त्याच्या पट्ट्या कापसाच्या, केसांच्या असत. पण मोटारी वेगवान झाल्या आणि कापूस जळू लागला. तेव्हा, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्याने अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला घेतले.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे जमिनीतून निघणारे असे खनिज की जे पिंजले तर कापसासारखे तंतू देते, ते काततात, विणतात, आणि तरी ते आगीत जळत नाही. ब्रेकला याहून दुसरे काय हवे? स्वस्त, चिवट, उष्णता सोसणारे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातल्या बहुतेक मोटारींचे ब्रेक त्याच्यावर चालले. आपल्या माहितीतले सिमेंटचे पत्रे त्याचेच भाऊबंद. धड पत्रा छपरावर आहे तोवर त्यातून फारसे तंतू सुटत नाहीत; तो कापताना, फोडताना ते सुटतात. शाळेचे जुने छप्पर उतरवायचे झाले तर मुलांना लांब ठेवून आणि पत्रे भिजवून उतरवावे, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

कारण हे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक होतात, श्वासाबरोबर छातीत जातात आणि तिथेच राहतात. फुप्फुस हळूहळू राठ होते. वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी दम लागू लागतो. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी नेली केर्शॉ नावाची एक बाई अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत काढण्याचे काम करीत असे. १९२४ साली, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी, ती वारली. शवविच्छेदनाच्या वेळी विल्यम कुक या डॉक्टरला तिच्या फुप्फुसात खनिजाचे कण सापडले. त्याने ते वैद्यकाच्या नियतकालिकात छापले आणि १९२७ साली ह्या रोगाला ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. नेली केर्शॉच्या मालकांनी भरपाई नाकारली होती.

पण एका बाईचे मरण सरकारला हलवीत नाही. त्यासाठी मोजणी लागते. मेरेवेदर आणि प्राइस या दोघांनी इंग्लंडातल्या कारखान्यांतले ३६३ कामगार तपासले आणि १९३० साली अहवाल दिला. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक कामगारांची फुप्फुसे बाधलेली होती. दुसऱ्याच वर्षी, १९३१ साली, तिथे कारखान्यांतल्या धुळीविषयी नियम झाले.

आता दुसरा एक आकडा ऐका. २००५ साली व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्याच एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८१ कामगार तपासले. त्यांतले २२ टक्के अ‍ॅस्बेस्टॉसिसने बाधलेले निघाले. मध्ये ७५ वर्षे गेली. रोगाला नाव मिळाले होते, कारण कळले होते, उपाय छापून आले होते. आणि प्रमाण जवळपास तेवढेच! इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो की शोध लागणे वेगळे आणि तो शोध माणसापर्यंत पोहोचणे वेगळे. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की मग फारसे बोलावे लागत नाही.

नाही म्हणायला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी मोठा निकाल दिला होता. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराच्या तब्येतीची नोंद तो कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोवर जपावी, असे त्यात सांगितले आहे. इतकी लांब मुदत का, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. हा रोग कामगाराच्या निवृत्तीचीही वाट पाहतो. ब्रिटनने १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉस पूर्ण बंद केले. ज्या अमेरिकेत ह्या टी. डी. गाड्या गेल्या, तिने पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली ती पार मार्च २०२४ मध्ये. आपल्याकडे खाणी जवळजवळ थांबल्या, पण बाहेरून माल येतच राहिला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की गॅरेजमधल्या मिस्त्रीची गोष्ट कारखान्यातल्या कामगाराइतकी सरळ नाही. ब्रेक घासताना इतकी उष्णता होते की बहुतेक तंतू मोडतात आणि त्यांची वेगळ्याच खनिजाची निरुपद्रवी भुकटी होते. मिस्त्र्यांना नेमका किती धोका, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. पण सगळेच तंतू मोडत नाहीत, आणि नवी पट्टी कानशीने घासताना तर ते ताजेच सुटतात. वाद चालू आहे तोवर पोराने गाल फुगवू नयेत, एवढेच माझे म्हणणे.

हे सारे मी गॅरेजात उभ्या उभ्या सांगितले, अर्थात इतके लांबवून नव्हे. मिस्त्री ऐकत होते. मग हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, “सर, आमचे चुलते अशाच कारखान्यात होते. पट्ट्या बनायच्या तिथे. घरी आले की केसांवर पांढरे असायचे, चुलती हसून झटकायची. शेवटी गावी आणले. चार पावले चालले की बसायचे. डॉक्टर म्हणाले दमा. कोणी म्हणाले टी.बी. टी.बी.च्या गोळ्या दीड वर्ष खाल्ल्या.”

“कारखान्याने छातीचा फोटो काढला होता का?” मी विचारले.

“काढला असेल. कागद आमच्याकडे नाही दिला.”

यावर मी काय बोलणार? चुलत्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. अंगावर तंतू घेऊन घरी येणाऱ्या कामगाराच्या बायकांनाही हा रोग झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत, ते त्या वेळी माझ्या ओठांवर आले होते, पण चुलती अजून गावी आहेत हे कळल्यावर मी तेवढेच म्हटले, “त्यांना दम लागत असेल तर रत्नागिरीला नेऊन छातीचा फोटो काढा, आणि चुलते काय काम करीत होते ते डॉक्टरांना आधी सांगा.” मिस्त्रींनी मान हलवली.

काम पुढे सुरू झाले. पोराने साबणाचे पाणी आणले. ड्रम आणि आतली पाठपत्री ओली करून, ओल्या फडक्याने पुसून घेतली; फडके आणि चिखल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले. हवेची नळी बाजूलाच लोंबत होती, तिला कोणी हात लावला नाही. जुने शू निघाले तेव्हा कर्र आवाजाचे कारण दिसले: एका पट्टीतले रिव्हेट वर आले होते आणि ड्रमवर बारीक चर पडला होता. चर खोल नव्हता, तरी मिस्त्रींनी ड्रम लेथवर पाठवला. खोल असता तर ड्रमच बदलावा लागता, आणि टी. डी.चा ड्रम काही घोडबंदर रोडवर मिळत नाही.

शू निघाल्यावर त्यांनी व्हील सिलिंडरला रबराचे कडे घातले. तसे केले नाही आणि कोणी चुकून ब्रेकचा पाय दाबला, तर पिस्टन बाहेर पडतो आणि तेल सांडते. रबरी टोपण उचलून आत ओल आहे का पाहिले. तेलाचा एक थेंब जरी पट्टीला लागला तरी ती गेलीच समजा. पुसून उपयोग नाही. जिथे शू पाठपत्रीवर सरकतो तिथे उष्णता सोसणारे ग्रीस नखाएवढे लावले. नव्या पट्ट्या अ‍ॅस्बेस्टॉस नसलेल्या होत्या, हे माझ्या विद्यार्थ्याने खोक्यावर वाचून दाखवले. खालचा शू, वरचा शू, स्प्रिंगा मागच्या बाजूने. एक स्प्रिंग दोनदा हातून सुटून गल्लीत उडाली; दुसऱ्यांदा ती शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी आणून दिली.

ड्रम चढवल्यावर भोकातून पेचकस घालून अ‍ॅडजस्टर फिरवला, चाक अडेपर्यंत. मग एक टिचकी मागे. चाक हाताने फिरवले की मोकळे फिरावे, किंचित घासल्याचा आवाज आला तर हरकत नाही. हँडब्रेकची तार सर्वांत शेवटी. आधी तार ताणून शूचे काम भागवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याविषयी मिस्त्रींनी जे उद्गार काढले ते इथे छापण्याजोगे नाहीत.

लेथवरून ड्रम यायला आणि दुसरे चाक उरकायला पुढचा रविवार उजाडला. पहाटे सहाला आम्ही गाडी काढली. मिस्त्री हाकायला बसले, मी शेजारी. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी वीस-पंचवीस वेळा हलका ब्रेक मारला, म्हणजे पट्टी ड्रमच्या वळणाला बसते. मग मिलन पुलाच्या चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढला आणि पायावरचा पाय काढला. गाडी जागची हलली नाही. पलीकडे उतरून, वळसा घालून, उताराला तोंड करून तेच पुन्हा केले. तेव्हाही हलली नाही.

“दोनशे मैलांनी परत आणा, अजून एक टिचकी लागेल,” ते माझ्या विद्यार्थ्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले की रत्नागिरीला छातीचा फोटो सरकारी दवाखान्यात निघतो, की त्यासाठी आधी चिठ्ठी लागते.